आम्ही-मॅडम

आमच्या फ्रेंचच्या मॅडमना ‘मी’ या शब्दाचा भारी राग. वर्गात कुणी क्रियापद चालवताना ‘मी’पासून सुरुवात केली की त्या खडू टेबलावर आपटायच्या. "‘मी’चं काय घेऊन बसलात? ‘मी’ लबाड असतो, रूप बदलतो. आधी ‘आम्ही’ कुठंय ते दाखवा!" पोरांनी त्यांचं नाव ‘आम्ही-मॅडम’ ठेवलं ते यावरूनच. मॅडमना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. नवं पोर दारात घुटमळलं की त्याच विचारायच्या, "आम्ही-मॅडमकडे आलास ना? मग ये की, पत्ता बरोबर आहे."

मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती निव्वळ कंटाळ्यापोटी. लेकीने शाळेत संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं, का, तर मार्क पडतात. मग शिकवणी आली. मॅडमचं घर नाशिकरोडला, एका जुन्या कॉलनीत तळमजल्यावर. पुढच्या खोलीत वर्ग, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पॅरिसच्या पुलाचं कधीचं तरी कॅलेंडर. मी लेकीला स्कूटीवरून सोडायची आणि बाहेर पायरीवर डास मारत बसायची. एक दिवस मॅडम स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, डासांना त्रास देण्यापेक्षा आत येऊन मला द्या. आत पंखा तरी आहे." दहावी झाल्याबरोबर लेकीने फ्रेंचला रामराम ठोकला. मी मात्र चिकटले ती चिकटलेच. माझं माहेर मनमाडचं, म्हणून मॅडम मला नावाने कधी बोलवायच्याच नाहीत. "मनमाड, फळ्यावर या!" म्हटलं की पोरं फिदीफिदी हसायची आणि मी ओढणी सावरत उठायची.

त्यांचा जीव कशात असेल तर तो फ्रेंचमधल्या एका भूतकाळात. त्याला म्हणतात आँपार्फे, म्हणजे अपूर्ण. तो करायचा कसा, हे त्या चहाच्या कपावर शिकवायच्या. फ्रेंचमध्ये ‘मी पिते’ म्हणताना ‘ब्वा’ म्हणतात आणि ‘आम्ही पितो’ म्हणताना ‘ब्यूव्हों’. पूर्वी कुणी काय प्यायचं ते सांगायचं असेल तर त्या ‘ब्वा’चा काडीचा उपयोग नाही. ‘आम्ही’वालं ‘ब्यूव्हों’ घ्यायचं, त्याची ‘ओं’ ही शेपटी कापायची, तिथे भूतकाळाची शेपटी जोडायची, की झालं ‘ब्यूव्हे’. "बघा, मूळ कायम ‘आम्ही’त सापडतं," असं म्हणून त्या गार झालेला चहा एका घोटात संपवायच्या. एकच क्रियापद या नियमाला जुमानत नाही, ते म्हणजे ‘असणं’. ते तेवढं पाठ करायला सांगायच्या.

हा काळ वापरायचा कधी, यावर पोरं हमखास गोंधळायची आणि इंग्रजीचा आधार शोधायची. मॅडम भडकायच्या. "इंग्रजीच्या दारातून फ्रेंचमध्ये शिरू नका, डोकं आपटेल! घरची मराठी काय भाड्याने दिलीय? ‘-यचो’ किंवा ‘-त होतो’ बसतं का, एवढंच बघा. ‘काल मी मिसळ खाल्ली.’ खाल्ली, हात धुतले, संपलं. ‘आम्ही रविवारी मिसळ खायचो.’ आता यातला शेवटचा रविवार कुठला, सांगा बरं?" कुणालाच सांगता यायचं नाही. "नाही ना सांगता येत? मग आँपार्फे!" आणि असा काही आनंद व्हायचा त्यांना, जणू मिसळीचा शोध त्यांनीच लावलाय.

माझी गाडी अडली ती बाबांपाशी. ‘माझे वडील रेल्वेत काम करायचे’ एवढं साधं वाक्य. मी फळ्यावर लिहिलं आणि क्रियापदाला शेवटी -aient जोडलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मनमाड, तुम्हाला वडील किती?"

वर्ग खो-खो हसला. फ्रेंचमध्ये एका माणसाला -ait लागतं, अनेकांना -aient. मी म्हटलं, "वडील एकच हो, मॅडम. पण बाबांना एकेरी कसं लिहू? ‘बाबा काम करायचा’ म्हटलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "अहो, दोन्हींचा उच्चार एकच, ‘ए’. बोलताना मनात हवा तेवढा आदर ठेवा, कोण बघायला येतंय? लिहिताना मात्र मधलं हे en झाकायचं." आणि त्यांनी खडूने पांढरा झालेला अंगठा त्या दोन अक्षरांवर ठेवला. खरोखर, -aient चं -ait झालं. पण माझी खोड काही जाईना. बाबा आले, मामा आले, सासरे आले, की माझ्या हातून -aient आलंच. मॅडम काही बोलायच्या नाहीत. नुसता अंगठा यायचा.

मागच्या वर्षी मॅडमना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसभर बोलणारी बाई, चार भाषा बोलणारी बाई, आणि आता ओठातून नुसती वाफ. मी रोज जायची. पाणी हवंय का, पंखा वाढवू का, कूस बदलायचीय का, विचारून विचारून मी थकायची आणि त्या नुसत्या बघायच्या. घरी येऊन मी भांड्यांवर राग काढायची. दुसरं करणार काय?

सगळ्यात जास्त कशाने जीव तुटायचा सांगू? भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या उशाशी उभा राहून म्हणायचा, "किती छान शिकवायच्या हो!" "आल्याचा चहा आवडायचा ना त्यांना?" "काय खळखळून हसायच्या!" अरे, बाई समोर आहे! डोळे उघडे आहेत! जिवंत माणसाला तुम्ही आँपार्फेत ढकलताय, आणि तेही कुणाला, तर जिने जन्मभर तो काळ शिकवला तिला. एकदोघांवर मी खेकसलेही. आता हे लिहिताना माझ्याही प्रत्येक वाक्यात तेच ‘-यच्या’ येतंय, त्याला काय करू?

त्यांचा मुलगा निखिल बेंगळुरूला नोकरीला. पोरगा वाईट नाही. रजा टाकटाकून पार मेटाकुटीला आला होता. शेवटी त्याने ठरवलं, आईला तिकडे न्यायचं, त्याच्या घराजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं आणि इथलं घर बंद करायचं.

मी म्हटलं, "निखिल, तिथे त्यांच्याशी मराठीत कोण बोलणार रे?"

"काकू, आईला कळतंय असं मला एकदा जरी दिसलं ना, तर मी तिला इथून हलवणार नाही. घरून काम मागेन, स्पीच थेरपी लावेन, काय वाट्टेल ते करेन. पण डॉक्टरच म्हणतात, समज किती उरलीय ते सांगता येत नाही. मग तिला इथे काय नि तिथे काय?"

मॅडमना कळतंय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं म्हणजे काही पुरावा नव्हे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. निखिल मागच्या खोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. वर्गातली पाटी घेऊन मी मॅडमच्या शेजारी बसले. काय लिहावं सुचेना. मग फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मॅडम फ्रेंच शिकवायच्या.’ सवयीने शेवटी -aient पडलं. मॅडमना एकेरी कसं लिहिणार मी?

पाटी त्यांच्यासमोर धरली. मग चादरीवरून डावा हात उचलला गेला. पाटीपर्यंत आला, चाचपडत क्रियापदाच्या शेवटाशी गेला, आणि अंगठा त्या शेपटीवर टेकला.

"निखिल! अरे, लवकर ये!"

तो धावत आला. तेवढ्यात हात घसरून चादरीवर पडला होता. मी पुन्हा पाटी धरली. "मॅडम, दाखवा ना. एकदाच. निखिल बघतोय." आधीचं न पुसता मी खाली पुन्हा तेच लिहिलं, विनवलं, रडले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. हात काही उठला नाही.

"काकू," निखिल हळूच म्हणाला, "डावा हात तिचा हलतो हो अधूनमधून. परवा माझा चष्मा ओढला." त्याचेही डोळे भरले होते. त्याला खोटं ठरवायला माझ्यापाशी काय होतं? खडूचा एक डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मॅडमना मागच्या सीटवर निजवलं. मी खिडकीतून त्यांचा डावा अंगठा हातात धरला. त्याच्या कडेला अजून पांढरं होतं. मग ड्रायव्हरने काच वर केली.

पाटी मी घरी आणली. अंगठा घसरताना फक्त en पुसलं गेलेलं नाही, सगळी शेपटीच फिसकटलीय. तेव्हापासून मी विचार करतेय, मॅडम माझी नेहमीची चूक दुरुस्त करत होत्या, की मला भूतकाळात टाकू नका म्हणत होत्या? विचारायची सोय नाही. तिकडे फोन लावला की नर्स उचलते, तिचं मला कळत नाही आणि माझं तिला.

परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. "गेल्या का गं मॅडम बेंगळुरूला? किती छान शिकवायच्या ना."

"शिकवतात," मी म्हटलं.

"आत्ता? कुणाला?"

"आम्हाला."