विहीणबाईंचं पीठ

आमचं घराणं पश्चिमेला कसं आलं, ही गोष्ट सगळ्या खोऱ्यात मिरवली जाते. माझी आजी किझाया, म्हणजे वडिलांची आई, मिसूरीहून बैलगाडीनं ओरेगॉनला आली. नद्या ओलांडल्या, पटकीतून वाचली, वगैरे. काका तर असं सांगतात, जणू गाडीला तेच जुंपले होते. मला ती ऐकवत नाही, कारण पिठाच्या गोणीचं त्यात कुणी नावच काढत नाही.

वाटेतल्या लॅरमी किल्ल्याच्या पुढे चढ लागला आणि बैल गुडघे टेकायला लागले. जो तो ओझं कमी करत होता. रस्त्याच्या कडेला चुली, नांगर, आरामखुर्च्या टाकलेल्या. आजोबा म्हणाले, "एक गोणी उतरव. मागचं कुणीतरी खाईल."

मागच्या तांड्याशी आजीचं आदल्याच दिवशी चाऱ्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. शिवाय गहू तिच्या माहेरचा. "फुकट्यांच्या बापाचा माल आहे का हा?" ती म्हणाली.

असं करणारी ती एकटी नव्हती, हे खरं. टाकायच्या साखरेत कुणी माती कालवायचं, कुणी खारवलेल्या मांसावर डांबर ओतायचं. आपल्याला नाही ना, मग कुणालाच नाही. पण आमची आजी कामाला टापटिपीची. तिनं गोणी उसवली, जखमांसाठी आणलेलं टर्पेंटाइन पिठात ओतलं, कालवलं आणि तोंड पुन्हा बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. बघणाऱ्याला वाटावं, देवानंच ठेवलीय.

पुढे वडिलांचं लग्न झालं. उन्हाळ्यात इथे जुन्या लोकांचं वनभोजन असतं आणि प्रत्येक घरानं आपल्या वाटेतली एक गोष्ट सांगायची असते. त्या वर्षी माझ्या आईची आई, टॅमसिन, उठली. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, पण ही गोष्ट तिला झकास जमायची.

"ऐका हो विहीणबाई! रस्त्यात आयती गोणी मिळाली. जरा वास येत होता, म्हटलं वरच्या कापडाला असेल. भाकरी केल्या, तर नुसतं टर्पेंटाइन! आमचे हे ढेकर द्यायला लागले, तशी मी ओरडले, शेकोटीपासून लांब व्हा, भडका उडेल!"

लोक पोट धरून हसले.

"गोणी निळ्या पट्ट्यांच्या, उशीच्या कापडाची हो! आणि शिवण काय सुबक! त्या हडळीला शिवणकाम मात्र छान येत होतं."

"मुलांनी खाल्लं ते?" कुणीतरी विचारलं.

"खाल्लं म्हणजे? तवा चाटून अजून मागितलं. आमचं पीठ नदीत गेलं होतं ना."

आजी उठली आणि भांडी घासायला गेली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती गोष्ट सुरू झाली की आजी भांड्यांकडे जायची. लोक म्हणायचे, काय कामसू बाई!

शेवटी एका हिवाळ्यात दोघी विहिणी बदकांची पिसं काढत बसल्या असताना आजीला राहवलं नाही. "विहीणबाई, ती शिवण माझी."

"कुठली हो?"

"गोणीची. शिव्या घाला. मारा हवं तर."

टॅमसिनचे हात थांबले. "आता मारून काय?" ती म्हणाली. हातातलं बदक तिनं पुरं केलं, कॉफी न घेता निघून गेली.

आजीची झोप उडाली. खोऱ्यात नाव जाईल, सूनबाई तोंड फिरवेल. उन्हाळा आला. लोकांनी हाक मारली, "टॅमसिनबाई, पीठ!" आजी भांड्यांकडे गेली नाही. आपलं नाव ऐकायला तशीच मान खाली घालून उभी राहिली.

"मला आठवत नाही आता नीट," टॅमसिन म्हणाली.

"अहो, तुम्हाला तर पाठ आहे!"

"म्हातारी झाले. दुसऱ्या कुणाला बोलवा."

पुढे मरेपर्यंत तिनं ती गोष्ट सांगितली नाही. दर वनभोजनाला एका कोपऱ्यात गप्प बसायची.

हे सगळं आजीनंच मला सांगितलं. मी म्हटलं, "सुटलीस की गं मग."

"सुटले कसली?" ती म्हणाली. "आधी तिच्या लेकरांच्या तोंडचं पीठ नासवलं. मग तिची गोष्ट घेतली. तिला चार लोक हसून ऐकायचे, ते त्या एका गोष्टीसाठीच."