तळव्यावरचं घासलेट

गेल्या रविवारी जेवताना मुलाने विचारलं, नल्लकुंट्याच्या बाजूला एखादा विश्वासाचा मेकॅनिक माहीत आहे का. गाडी तीनदा दुरुस्त होऊन पुन्हा तिथेच येत होती. मी काही बोलण्याआधी भाच्याने त्याची आवडती गोष्ट सुरू केली. मिस्त्रीने मुद्दाम गाडी बिघडवली आणि भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, दिवस भरलेले असताना कोठी भागातल्या रस्त्यात उतरावं लागलं, ती गोष्ट. भाचा त्याच दिवशी जन्मला, म्हणून तो ती हक्काने सांगतो. आता तोही सत्तरीकडे आला. इतकी वर्षं मी ती ऐकत आलो आणि भात कालवत राहिलो.

तो मिस्त्री काचीगुड्याच्या वळणावर बसायचा. बरकतपुऱ्यातल्या आम्हा मराठी घरांतल्या दोन-चार गाड्या त्याच्याकडेच जात. त्याची एक पद्धत होती. काढलेला जुना भाग तो पुसून मालकाच्या हातात ठेवायचा. "पहले पुराना देखो, फिर नये का पूछो," म्हणायचा. वडील वकील होते, साक्षी-पुराव्यावर जगणारे. त्यांना ही पद्धत फार पटली होती. आईने त्या जुन्या भागांतला एक जड तुकडा मसाल्याच्या पाट्याखाली टेकू म्हणून लावला होता.

अठ्ठेचाळीस सालच्या नाकेबंदीत पेट्रोल मिळेना, तेव्हा गाडी महिनोन् महिने विटांवर उभी होती. पोलीस ॲक्शन झाली, भारतीय युनियनची फौज शहरात आली. बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून वडिलांनी मिस्त्रीला बोलावून गाडी चालती करून घेतली आणि रेशनच्या चिठ्ठीवरचं पेट्रोल भरून ठेवलं. ते दवाखान्यासाठी होतं.

मी कॉलेजात होतो. मित्रांना घेऊन त्याच गाडीतून सिकंदराबादला फौजेचे रणगाडे पाहायला गेलो, कुणाला न सांगता. परत आलो तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी. वडील टाकीत काठी बुडवून पाहत. काठीवरची ओल पूर्वीइतकी दिसावी म्हणून मी स्वयंपाकघरातलं घासलेट ओतलं.

बहिणीला कळा सुरू झाल्या आणि गाडी घरून निघाली खरी, पण कोठीच्या चढावर काळा धूर सोडत बंद पडली. वडिलांनी तिला रिक्षातून पुढे नेलं, गाडी मागाहून ढकलत घरी आणली. सगळं सुखरूप झालं. पण घरी आल्यावर आईने विचारलं, परवाच तर दुरुस्त केली ना त्याने? शेजारचे काका म्हणाले, रझाकारांच्या लॉऱ्या कोण दुरुस्त करत होतं, विसरलात? त्या दिवसांत संशयाला एवढं पुरत असे.

वडिलांनी मला मिस्त्रीला बोलवायला पाठवलं. तो आला. वडील वर पक्षकाराबरोबर होते. त्याने थोडं इंधन काढलं आणि मला म्हणाला, "छोटे साब, हात लाओ." एक थेंब माझ्या तळव्यावर सोडला. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. ते तेलकट तसंच राहिलं. आम्ही दोघं ते पाहत उभे राहिलो.

"वकील साब कू मैं बोलूं, या तुमीच बोलते?"

"मी सांगतो," म्हणालो.

त्याने टाकी धुतली, दुसऱ्या गाडीतलं थोडं पेट्रोल आणून घातलं, गाडी सुरू करून दाखवली आणि गेला. वडील खाली आले. "काय म्हणाला मिस्त्री?"

"काही नाही. गप्पच होता."

"गप्प असणारच," वडील म्हणाले, आणि वर गेले.

खरं बोललो असतो तर एक थोबाडीत बसली असती. तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मुद्दाम गाडी बिघडवली हे बोलणं सगळ्या घरांत पोचलं होतं, आणि मग मला धीर झाला नाही. एकेक गाडी त्याच्याकडे जायची बंद झाली. मी सायकलवरून जाताना तो मान वर करून बघायचा. मी वाट बदलली. पुढे त्याचं दुकान बंद झालं. कुणी म्हणालं कराचीला गेला, कुणी म्हणालं मुंबईला. मी चौकशी केली नाही. पुढे माझ्या स्वतःच्या गाड्या झाल्या. जुना भाग हातात ठेवणारा दुसरा कुणी भेटला नाही.

रविवारी मी हे सगळं पानावर बसून सांगितलं. मग भाचा हसायला लागला. "म्हणजे मामा, घासलेट तुम्ही घातलंत? अहो, मग तुमच्यापायी मी रिक्षातच जन्मलो असतो की!" सगळे हसले. सून म्हणाली, बाबा लहानपणी फार द्वाड होते वाटतं. पुढच्या समारंभात गोष्ट आता अशी सांगितली जाईल, मामाच्या खोडीची.

मीही थोडा हसलो, थकलो होतो. त्या हसण्यात मिस्त्री कुठेच नव्हता. म्हणून लिहून ठेवतो. गाडी त्याने नीट केली होती.