आत्यानं हात पुढे केला

देव माझ्यावर कोपलाय असं मला कधी वाटलं नाही. घरच्यांना मात्र वाटायचं. जोह्याला माझ्या माहेरचा गणपतीचा कारखाना. आजोबांनी म्हणे एकदा तडा गेलेली मूर्ती लिंपून, रंगवून विकली आणि तेव्हापासून हे मागे लागलं. आधी चालताना त्यांचा तोल जाऊ लागला, मग वडिलांचा, मग रोह्याच्या आत्याचा; तिनं तर गणपतीला माहेरी येणंच सोडलं. मूर्तींचे डोळे आखताना माझाही हात थरथरू लागला तेव्हा मी मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा दुर्मिळ आजार आहे, पिढीतून पिढीत येतो, औषध नाही. पण संशोधन चाललंय. त्यात यायचं तर घरातल्या आणखी एका आजारी माणसाचं रक्त लागेल. वडील गेलेले. उरली आत्या, आणि ती फोनवर म्हणाली, "देवाचा कोप काय सुईनं निघतो?" पण माझ्या पदरात मुलगी आहे. मी हट्टाला पेटले.

रोह्याच्या स्टँडवर उतरले आणि पाय लटपटून आडवी झाले. "सकाळीच घेतलीय," कुणीतरी हसलं. रागानं डोळे भरले. मनात म्हटलं, गणराया, आत्याच्या दारापर्यंत तरी ने. तेवढ्यात करवंदं विकणारी एक बाई टोपली सोडून धावली. "प्यायलेली नाय ती. माझा भाऊ असाच चालायचा," असं लोकांना सुनावून तिनं मला उठवलं आणि हाताला धरून थेट आत्याच्या घरी नेलं.

मी समजावत राहिले, आत्या नाही म्हणत राहिली. बाई उंबऱ्याशी पाणी पीत होती. आत्याचे थरथरते हात बघून म्हणाली, "भावाला असंच व्हतं. आमच्या आज्याला पन."

आत्यानं दचकून विचारलं, "तुमी गणपती बनवायचात?"

"आमी कुठले गो? आमी डोंगरात कोळसा पाडायचो."

आत्या ढसाढसा रडली. "म्हंजे माझ्या बापाचं पाप नाय हे," म्हणाली आणि हात पुढे केला. "घे रक्त, किती पायजे तितकं."

ती बाई मला पुन्हा दिसली नाही. तिला कुणी धाडलं, याचा मी खल करत नाही. रोज हात तेवढे जोडते. संशोधनात आम्हा दोघींना घेतलंय. औषध माझ्या हयातीत निघेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. माझ्याकडून होईल ते नेटानं करायचं, बाकी त्याच्यावर सोपवायचं. यंदा कित्येक वर्षांनी आत्या माहेरच्या गणपतीला आली आणि आरतीला सगळ्यांच्या पुढे, झोकांड्या खात, उभी राहिली.