एका दिवसात चार वर्षं

कनेरगाव नाक्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका, जे जे शूट केलं ते सगळं मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर वर्षावार ठेवलेलं. त्या खोलीत माझा एक नियम: कॉपी चालू असताना कुणी खुर्ची सोडायची नाही. एकदा कुणाचा तरी पाय वायरला लागला अन् एका नवरीची अख्खी हळद गेली, तेव्हापासूनचा. बायको म्हणते, मुलखाचा हेकट माणूस. असेन.

लेक पुण्यात एडिटिंगचं काम करते. माझ्या डिस्का कधी दगा देतील नेम नाही, म्हणून सगळं स्वतःकडं उतरवून घ्यायचं तिनं ठरवलं. पण आमचा कॉम्प्युटर पडला म्हातारा. त्याच्या यूएसबीतून एका वर्षाचं शूटिंग तिच्या हार्ड डिस्कवर जायला सकाळपासून दुपार टळायची. मग ती दोन-अडीच महिन्यांनी यायची, एक मुक्काम करायची अन् एक वर्ष घेऊन जायची.

आणि नियम म्हणजे नियम! ती बसायची, मीही बसायचो. बायको ताटं तिथंच आणून द्यायची. पोरगी काय काय बोलायची त्या खोलीत! ऑफिसातल्या कटकटी, रूमवरची पाण्याची बोंब. एकदा तर एका मुलाबद्दलही बोलली, माझ्याकडं न बघता, स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीकडं बघत. एरवी फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवली का?" "व्हय." संपलं.

मग मलाच अवदसा आठवली. लेकराला तकलीफ होऊन राहिली म्हणून हिंगोलीहून यूएसबीचं फास्ट कार्ड आणलं. झाकण काढलं, धूळ फुंकली, आतल्या रिकाम्या खाचेत कार्ड बसवलं, स्क्रू पिळला. मागं दोन निळी तोंडं दिसायला लागली. पेन ड्राइव्ह लावला तर दिवाच लागेना. अर्धा दिवस घाम गाळल्यावर कळलं, या कार्डाला पॉवरची वायर वेगळी जोडावी लागते. जोडली, दिवा लागला. मला केवढा आनंद! बायकोला हाताला धरून दाखवायला आणलं.

लेक आली तेव्हा चार वर्षं उरली होती, म्हणजे चार फेऱ्या. निळ्या तोंडात डिस्क लावली अन् पट्टी सुसाट सुटली.

"बाबा, लय भारी काम केलं तुमी!"

मी मिशीत हसलो. आधी एका वर्षाला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात चारही वर्षं तिच्या डिस्कवर. ती म्हणाली, काम झालंच आहे तर संध्याकाळचीच गाडी धरते, उद्याचा दिवस मिळेल. नाक्यावर जाऊन मीच तिला बसवून दिलं. परत आलो तर बायको तिघांच्या भाकरी टोपल्यात ठेवून बसलेली.

"करा आता फास्ट," ती म्हणाली.

त्याला पाच महिने झाले. पोरगी वाईट नाही हो, तिला काम असतं. पण मला करमत नाही, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाईक नसलं की उगाच त्या खोलीत जाऊन बसतो. तिची खुर्ची अजून तिथंच आहे.

परवा कपाटात जुन्या टेपांचा डबा हाती लागला. टेप तासाची असली तर उतरवायला तासच लागतो, तिथं कुठल्याही कार्डाची मात्रा चालत नाही. लगेच फोन लावला.

"अगं, बारा टेपा सापडल्या. उतरवायच्या राहिल्यात. तुलाच बसावं लागंल."

"वरती लाल पेनानं नंबर हायत का, बाबा?"

होते.

"ते मीच टाकलेत. मागंच उतरवल्या की आपण त्या."

मला ठाऊक होतं. तिनं नंबर टाकले तेव्हा मी बाजूच्याच खुर्चीत होतो.

मग तीच म्हणाली, "बाबा, नुसतं ये म्हणायला काय होतं तुमाले?"

मी टेपांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

"ये गं माय," मी म्हणालो. "लय आठवण येऊन राहिली."