वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग

सरळकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणाला विचारलंत, तर तो आधी शेजारच्याकडे पाहील आणि मग तुम्हालाच विचारील, "काम काय आहे?" 'मान सरळ' हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर इतक्या लोकांना ऐकवले की शेवटी ते त्यांनाच येऊन चिकटले. त्यांचा फोटो स्टुडिओ म्हणजे औषधाचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधे सापडलेली एक खोली. पांढरा पडदा, दोन दिवे, एक गोल स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी का, तर कंगवा चोरायला काय लागतं, असं काकांचं म्हणणं. गावातला जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या स्टुलावर बसून फरारी गुन्हेगारासारखा दिसलेला आहे.

फोटो काका काढत. पडद्यामागे कॉम्प्युटरवर बसून ते साफसूफ करायचं काम काकूंचं. मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असलं सगळं त्या पुसत. या कामाचा एक नियम काकांनी लग्नानंतर लगेचच घालून दिला होता : डाग दिसला तर बोलायचं नाही, काढायचा. "माणूस फोटो काढायला येतो," ते म्हणत, "निदान करून घ्यायला नाही."

नियम चांगला होता. इतका चांगला, की तो दुकानातून हळूच घरी आला आणि तिथेच राहिला. चहात साखर कमी पडली तर काका बोलत नसत, उठून घालून घेत. काकांच्या शर्टाचं बटण तुटलं तर काकू बोलत नसत, लावून टाकत. त्या घरात कधी भांडण झालं नाही. त्यामुळे कुणाच्या मनात काय आहे हेही कुणाला फारसं कळलं नाही.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टूल रिकामं राहू लागलं. मग काका माणसांचा नाद सोडून सूर्याकडे वळले. आमचं गाव जिभेसारखं समुद्रात शिरलेलं आहे. धक्क्यावर उभं राहिलं की सूर्य पाण्यातून वर येतो, आणि मागच्या वाळूवर गेलं की पाण्यातच जातो. काकांनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून वापरलेला कॅमेरा घेतला आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी लावू लागले. "या गिऱ्हाइकासारखं गिऱ्हाईक नाही," ते सांगत. "डोळे मिटत नाही, नि 'जाड दिसतोय, परत काढा' असंही म्हणत नाही."

परत आल्यावर काका चपला काढेपर्यंत काकू कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेत आणि दुपारी प्रिंट टेबलावर ठेवत. प्रिंट पाहून काका "हं" म्हणत. काकूही "हं" म्हणत. कलेवरची चर्चा एवढीच.

धक्क्यावर त्यांना एक विमेवाला भेटे. तोही सूर्याचेच फोटो काढी आणि न विचारता सल्ले देई. त्याच्या धंद्यात ते लागतंच. त्याने सांगितलं, "काका, अॅपर्चर बारीक करा. कॅमेऱ्याचं छिद्र जितकं बारीक, तितकी सूर्याला टोकदार किरणं फुटतात." काकांनी केलं, आणि किरणं फुटलीही. काका दिवसभर खुशीत होते. मग विमेवाल्याने दुसरा सल्ला दिला. "पण लेन्समधून सूर्याकडे फार बघू नका हं. आतून डोळा भाजतो. दुखत नाही, कळत नाही. एक दिवस नुसता काळा डाग दिसायला लागतो. बरं, तुमचा विमा कुणाकडे आहे?"

दुसऱ्याच सकाळी काकांना डाग दिसला.

फोटो काढून त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं, तर आकाशात, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक करडा ठिपका. त्यांनी दुसरा फोटो काढला. ठिपका तिथेच. डावा डोळा मिटून पाहिलं, ठिपका होता. उजवा मिटून पाहिलं, तरी होता. काकांनी शांतपणे निष्कर्ष काढला : दोन्ही गेले.

दोष कॅमेऱ्यात असेल ही शंका त्यांना आली नाही असं नाही. पण त्यांनी ती पुराव्यानिशी फेटाळली. दुपारी टेबलावर प्रिंट आले ते निर्मळ. आकाश धुतल्यासारखं, डागाचं नाव नाही. म्हणजे कॅमेरा ठणठणीत, बिघाड डोळ्यांत. समुद्रावर सूर्य बघितला की डाग दिसतो, घरी येईपर्यंत निवळतो. रोग अजून सुरुवातीला आहे. या तर्काला नावं ठेवायला कुठे जागा नाही, आणि तो साफ चुकीचा होता.

काका बोलले नाहीत. डोळ्यांवर ज्याचं पोट आणि डोळ्यांवरच ज्याचा जीव, त्या माणसाने बोलायचं तरी काय? त्यांनी स्कूटर बंद केली. "चालणं बरं असतं," म्हणाले. ते जिने कठड्याला धरून उतरू लागले, पेपर मोठ्याने वाचून बघू लागले आणि काकूंच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहू लागले. पाठ करून ठेवावा तसे. समुद्रावर मात्र जात राहिले, आणि रोज तो ठिपका त्यांच्या आधी हजर असे.

एका सकाळी कॅमेरा कपाटात ठेवून ते म्हणाले, "हा विकून टाकावा म्हणतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला," त्या म्हणाल्या. "मी वेळ घेतलीये."

"का?"

"असंच."

काकांनी पुढे विचारलं नाही. हिला कळलंय, एवढं त्यांना कळलं. रात्री दोघंही छताकडे बघत पडली होती.

डॉक्टर तरुण बाई होत्या. काकांना पाहताच त्या हसल्या. "काका, ओळखलंत? कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो तुम्हीच काढला होतात माझा. कपाळावर एवढी मोठी पुटकुळी होती, फोटोत गायब. मी इतकी खूश झाले! घरी जाऊन आरशात बघितलं, तर होती तिथेच."

"ते हिचं काम," काकांनी काकूंकडे बोट केलं.

डोळ्यांत थेंब घातले गेले, दिवे बंद झाले. डॉक्टरबाईंनी उजेडाची बारीक रेघ फिरवत दोन्ही डोळे आतून पाहिले, परत पाहिले. काकूंनी पर्सचा पट्टा पिळायला घेतला होता.

"डोळ्यांपुढे कधी डाग वगैरे दिसतो? दिसत असेल तर कुठे?"

"वर, डावीकडे," काका अंधारात म्हणाले. इतक्या दिवसांनी बोलायला मिळाल्यावर त्यांचा आवाज जरा फाटला. "तिळापेक्षा मोठा. कडा पुसट."

"कधी दिसतो?"

"सूर्याचा फोटो काढून कॅमेऱ्यात बघितला की."

"आणि कागदावर छापल्यावर?"

"नाही ना! तेच तर. छापलेला फोटो स्वच्छ. म्हणजे कॅमेरा चांगला, नि मी..."

"अहो," काकू म्हणाल्या, "तो डाग मी काढते."

काकांनी अंधारात आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"काय काढतेस?"

"डाग. वर, डावीकडे, तिळापेक्षा मोठा. रोज प्रत्येक फोटोतून काढते. हात दुखून आला माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नाही, काढायचा. कुणाचा नियम?"

"अगं, तो गिऱ्हाइकासाठी! मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक बरं. ते निदान उठून जातं."

डॉक्टरबाई खोकल्या. तो खोकला नव्हता.

"मला वाटलं तुम्हाला दिसतच नाहीये," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज जागेवर नव्हता. "पावडरखालचा मुरूम ओळखणारा माणूस, नि एवढा ढळढळीत डाग रोज घेऊन येतो, चकार शब्द काढत नाही. मी म्हटलं, गेले यांचे डोळे. मग तुम्ही स्कूटर सोडलीत. जिन्यात चाचपडायला लागलात..."

"मी चाचपडत नव्हतो. सराव करत होतो."

"काका, काकू," डॉक्टरबाईंनी दिवा लावला, "डोळ्यांना काहीही झालेलं नाही. कॅमेऱ्याच्या आत धूळ बसलीये, ती साफ करा. मात्र सूर्य वर आला की लेन्समधून बघायचं नाही, एवढं ऐका."

म्हणजे विमेवाल्याचा पहिला सल्लाच सगळ्याचं मूळ होता. धूळ आत कधीपासून बसून होती कोण जाणे. छिद्र बारीक केलं आणि तिला चेहरा मिळाला. दुसऱ्या सल्ल्याने तिचं बारसं केलं.

थेंबांमुळे काकांना बाहेरचं ऊन सोसेना. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते डोळे मिटून उभे राहिले आणि हसायला लागले. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि "पायरी... अजून एक... झाली" असं म्हणत त्यांना भर रस्त्यातून घरी आणलं. काकांना काही दिसत नव्हतं, आणि इतक्या दिवसांत इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर काकूंनी जुन्या निगेटिव्हवरची धूळ उडवायचा रबरी फुगा शोधून काढला आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून आत दोनदा फुस्स केलं. एवढंच होतं ते. मग त्यांनी प्रिंटचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"आता बोलायचंच ठरलंय तर ऐका."

"बोल."

"सूर्य सगळ्या फोटोंत मधोमध. दोन्हीकडे सारखी जागा, वर टोपीएवढी मोकळी. पासपोर्ट काढलाय तुम्ही त्याचा."

"हं."

"हं नाही. समुद्र बघा. उजवीकडे सांडतोय. जगाला मान सरळ म्हणता, नि इथे पाणी वाकडं. आणि पुढे काहीतरी येऊ द्या की, एखादी होडी, दगड, दोरखंड. आकाश नि पाणी, आकाश नि पाणी. माणूस कंटाळतो."

काकांना लागलं. अर्धा तास ते दुकानात जाऊन आरशाच्या कंगव्याची दोरी सोडवून परत बांधत बसले. मग येऊन म्हणाले, "चहातही साखर कमी असते. पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"आता बोललो."

दोन दिवसांनी, संध्याकाळी, काकू पहिल्यांदा वाळूवर आल्या. काकांनी एका उलट्या होडीजवळ बैठक मारली, होडीचं टोक चौकटीत घेतलं आणि सूर्य जड मनाने उजवीकडे सरकवला.

"डावा खांदा वर," मागून आवाज आला. काकांनी निमूटपणे कॅमेऱ्याची डावी बाजू उचलली. समुद्र सपाट झाला.

सूर्य बुडाला तसे ते सवयीने सामान आवरू लागले.

"थांबा. गिऱ्हाईक उठलं की दिवा बंद, हे दुकानात. इथला दिवा अजून चालू आहे."

होता. आकाश आधी तांबूस झालं, मग असं पेटलं की ओल्या वाळूलाही रंग चढला. काकांनी फोटो काढला आणि दोघांनी पडद्यावर डोकी टेकवली. समुद्र सरळ, होडी काळीभोर, वर रंगच रंग. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका.

काकांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "तुला दिसतोय?"

"दिसतोय की. पंख आहेत त्याला."

काकांनी मान वर करून पाहिलं. खरोखरच एक पक्षी घाईघाईने किनाऱ्याकडे परतत होता.

"काढणार आहेस का याला?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "चांगला बसलाय."