निघोज्याचा सेंटर स्पीकर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से साठतात, त्याला कारण तळवड्याचा चौक. तिथे बस अडकली की एकतर झोपायचं, नाहीतर दुसऱ्याच्या घरात डोकावायचं. मागच्या सीटवर झोपायची सोय नाही, कारण तिथे आम्ही बसतो. मी स्टँडर्ड रूमला, म्हणजे कंपनीतली मापं घेणारी उपकरणं खरंच बरोबर माप घेतात का ते बघते. मोहिते परचेसला. केतन डिझाइनला. आणि दिलीप मेंटेनन्सला. तो निघोज्याला चढतो आणि पाय आत टाकायच्या आधीच बोलायला लागतो. चौघांचं फार पटतं असं नाही, पण बस एकच आहे.

गेल्या वर्षीचे आमचे सगळे किस्से एका हातभर लांबीच्या स्पीकरचे आहेत. त्यात शहाणपणा मीही केलाय, पण तो मी थोडक्यात उरकणार.

*

दिलीपने गावात नवं घर बांधलं. मोठा हॉल, भिंतभर टीव्ही, दोन्ही बाजूंना कमरेएवढे उंच टॉवर स्पीकर, कोपऱ्यात सबवूफर. सगळं हौसेने केलेलं. महिनाभरात काय झालं, तर त्याचे वडील, आबा, संध्याकाळी हॉलमधून उठून बाहेर ओट्यावर बसायला लागले. आत सगळे पिक्चर बघतायत आणि आबा रस्त्यावरचे कंटेनर बघतायत.

"आबा, काय झालं?"

"आवाज लई हाय रं. बोलनं न्हाई."

कानाचं मशीन आणून झालं होतं. ते डबीत पडून. आबांचं म्हणणं, "त्यात पंखा ऐकू येतो, मानूस न्हाई."

दिलीप हे सांगताना नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, "राव, जमीन त्यांची, घर त्यांच्या जिवावर झालं, आणि तेच बाहेर. मला पिक्चर दिसतच नाही. खिडकीतून त्यांची पाठ दिसते."

केतनने कानातले हेडफोन काढले. हे तो फक्त पगारवाढीच्या चर्चेला करतो.

"तुझ्याकडे सेंटर स्पीकर आहे?"

"दोन आहेत ना. डावा, उजवा."

"ते म्युझिकला रे. माणसं बोलतात ती मधल्यातून. तू मधला घेतलाच नाहीस. म्हणजे मांडव आहे, वाजंत्री आहे आणि मंगलाष्टकं म्हणायला कुणी नाही."

दिलीपला ते इतकं पटलं की कंपनीचं गेट येईपर्यंत तो मान हलवत होता. आबांना परत हॉलमध्ये आणायचं, हे त्या दिवशी बसमध्ये ठरलं.

*

खरेदी म्हटल्यावर मोहिते पुढे सरसावले. तीन कोटेशनशिवाय हा माणूस घरी कोथिंबीरसुद्धा आणत नाही. बसमधूनच त्यांनी चिंचवडच्या एका दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि आवाज एकदम ऑफिसचा काढला.

"किती नग हवेत, सर?" दुकानदार म्हणाला.

"सध्या एक. पण पार्टी मोठी आहे, पुढचा प्लॅन बघून रेट द्या."

"सर, घरात हॉल किती आहेत?"

"हॉल एकच आहे."

मोहिते डगमगले नाहीत. पॅकिंग कसं असेल, वॉरंटी कशी, सगळं विचारून झालं आणि शेवटी म्हणाले, "रिजेक्शन आलं तर तुमचा माणूस येऊन सॉर्टिंग करून खराब पीस वेगळे काढणार का?"

"सर, एका पीसचं सॉर्टिंग कसं करायचं?"

मोहित्यांनी क्षणभर विचार केला. "ते तुम्ही बघा," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे त्या दुकानात गेलो. दिलीपची बायको सुवर्णाही आली. केतनने तिला समजावून सांगितलं की सेंटर हा दोन्ही टॉवरच्याच घराण्यातला लागतो, आवाजाचा पोत जुळावा लागतो, शिवाय अ‍ॅम्प्लिफायरशी ओहम जुळावे लागतात.

"पत्रिका आणलीय का?" सुवर्णाने विचारलं.

मग केतन डोळे मिटून ऐकायला लागला. तो डोळे मिटतो तेव्हा दुकानदारही हळू आवाजात बोलायला लागतात. इथे माझा शहाणपणा. आमच्या कामात एक पद्धत आहे: माप घेणाऱ्याला न सांगता तोच पीस पुन्हा हातात द्यायचा आणि दोन्ही वेळा माप सारखं येतं का बघायचं. मी दुकानदाराला खूण केली. त्याने तीन वेळा आवाज ऐकवला.

पहिल्याला केतन म्हणाला, "कोरडा आहे. नाकात बोलतो." दुसऱ्याला म्हणाला, "ठीक, पण जीव नाही." तिसऱ्याला त्याने पाठ टेकली. "हा. हा उबदार आहे. हाच घ्या."

पहिला आणि तिसरा एकच होता. मी सांगितलं.

केतनने डोळे उघडले आणि छताकडे बघितलं. "मधे एसी बंद झाला का?"

घेतला मात्र तोच. कोरडा म्हणा, उबदार म्हणा, टॉवरच्या घराण्यातला तोच होता.

*

आता स्पीकर ठेवायचा कुठे? सुवर्णाने टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दाराआड, कपबशांशेजारी त्याची जागा केली होती. केतनला ते बघवेना. म्हणून दिलीपने स्टँड बनवला. मेंटेनन्सच्या माणसाने बनवलेला स्टँड म्हणजे बोटभर जाडीची लोखंडी प्लेट, चार बोल्ट, आणि खाली मशीनखाली टाकतात तसे रबराचे पॅड. उचलून आणायला तिघं लागले. वर ठेवायचा स्पीकर मी एका हाताने आणला.

आबांनी स्टँडभोवती एक चक्कर मारली, बोल्टवरून अंगठा फिरवला. "ब्येस झालाय. यावर काय ठेवनार?"

"हा स्पीकर, आबा."

"आन् बाकीचं?"

सगळे बसलो. सुवर्णाने तिचा आवडता पिक्चर लावला. आबांना मधली खुर्ची. मी पडद्याकडे कमी आणि दिलीपकडे जास्त बघत होते. तो आबांकडे बघत होता. दहा मिनिटं झाली. आबांनी गुडघ्यावर हात ठेवले, उठले. आमचं मन मोडू नये म्हणून जाता जाता म्हणाले, "आवाज ग्वाड हाय. पर बोलनं न्हाई."

आणि ओट्यावर जाऊन बसले. दिलीपने पुढे तासभर पिक्चर बघितला, पण एकदाही हसला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

केतन हार मानणारा नाही. त्याने रोगाचं निदान केलं: अ‍ॅम्प्लिफायरला जोर नाही. सगळा जोर टॉवर खातात, मधला बिचारा उपाशी राहतो. मधल्याला स्वतंत्र अ‍ॅम्प द्या.

आला. चांगला जाडजूड, पुढे निळा दिवा. केतनने एकेक आकडा जुळवला, मधल्याचा आवाज वर घेतला, आणखी वर घेतला. खलनायक बोलला तशी काचेच्या दाराआडच्या कपबशा वाजल्या.

पाच मिनिटांत समोरच्या घरातले तुकाराम आले. दारातच उभे राहून म्हणाले, "दिलीप, तो काळ्या गॉगलवाला सकाळच्या आत पोरीला उचलनार म्हनतोय. गोठ्यापातूर समजलं आमाला. बारीक कर."

आबांनी शांतपणे तुकारामांकडे मान वळवली. "असं म्हनतोय व्हय त्यो?"

*

गाडी अडली. बसमध्ये कुणी स्पीकरचं नाव काढेना. आम्हाला कंपनीत शिकवतात की प्रॉब्लेम कागदावर सुटत नसेल तर मशीनजवळ जाऊन उभं राहायचं. म्हणून एका रविवारी मी स्कूटर काढली आणि निघोज्याला गेले.

आमच्याकडच्या बायका स्कूटरवर निघाल्या की तोंडाला ओढणी अशी बांधतात की नवऱ्यालाही ओळख पटत नाही. मी तशीच ओट्यापुढे उभी राहिले. "आबा, दिलीप आहे का?"

आबा नुसते बघत राहिले. मी ओरडून विचारलं. तरी काही नाही. मग ओढणी सोडली आणि घसा बसला होता म्हणून हळूच म्हणाले, "दिलीप आहे का?" त्याच वेळी मागून खडीचा डंपर गेला. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"हाय की," आबा म्हणाले. "गाईला पानी दावतोय."

मी उभीच राहिले. सवयच वाईट, खात्री करायची. ओढणी वर घेऊन विचारलं, खाली करून विचारलं. वर, खाली. तीन वेळा.

"ऊन लागतंय का गं तुला?" आबा म्हणाले.

मग मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं विचारलं. आबांनी भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. पत्रा ठोकायच्या त्या आवाजात शेजारचाही ऐकू येत नाही. "तितं कान काय कामाचा? तोंडाकडं बघायचं. सुपरवायझर पार त्या टोकाला बोलला तरी आमाला कळायचं. काय बोलतो ते बी, आन् कुनाबद्दल बोलतो ते बी."

"आणि घरी कधी सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? मला वाटलं समदेच बघत्यात."

एवढ्यात आतून सुवर्णाच्या पिक्चरचा आवाज सुरू झाला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सुवर्णाला आवडतात ते सगळे पिक्चर दक्षिणेतले, हिंदीत डब केलेले. ओठ एक बोलतात, स्पीकर दुसरंच बोलतो. जगातला कुठलाही अ‍ॅम्प लावा, आबांना त्यातलं काय कळणार!

"मी म्हनलंच की," आबा म्हणाले. "तोंड हलतंय, पर बोलनं न्हाई त्यात."

सोमवारी बसमध्ये हे सांगितलं. केतनने हेडफोन परत कानात घातले. मोहिते एवढंच म्हणाले, "मग रिजेक्शन आता कुणावर टाकायचं?"

सुवर्णाने त्याच दिवशी मराठी पिक्चर लावला. आबा शेवटपर्यंत मधल्या खुर्चीत बसले. दिलीपने आम्हाला बसमध्ये पेढे दिले, म्हणाला, "कारण विचारू नका, खा."

*

मग क्रिकेटची मॅच आली. आम्ही तिघं मुद्दाम निघोज्याला गेलो. कॅप्टन पळत बॉलरपाशी आला आणि काहीतरी बोलला. हल्ली हे लोक तोंडावर हात धरून बोलतात. हा विसरला असावा.

"आखूड टाक म्हनतोय," आबा म्हणाले. "ह्यो घाबरतो म्हनं."

पुढचा बॉल आखूड. बॅट्समनने उडवला आणि झेल गेला. केतन उठून आबांच्या पाया पडला. बॅट्समन स्वतःशी बडबडत परत चालला होता, कॅमेरा अगदी तोंडावर.

सुवर्णा पुढे सरकली. "आबा, काय म्हणतोय हो?"

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. "सुनंपुढं सांगन्यासारखं न्हाई."

*

दिलीप-सुवर्णाच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही जेवायला गेलो होतो. सुवर्णाने लग्नाची जुनी सीडी राजगुरुनगरच्या एका स्टुडिओतून पेनड्राइव्हवर करून आणली होती. अशा सीडीत असतं तेच त्यात होतं: माणसांचा आवाज सगळा काढून टाकलेला आणि वर सनई नाहीतर गाणी. केतन मोहित्यांना सनईचा पोत समजावत होता. आम्ही दिलीपच्या मिशांना हसत होतो.

मग मांडवात एक बाई दिसल्या. जरीची साडी, हातात अक्षतांचं ताट, आणि कुणाशी तरी घाईघाईने बोलतायत. दिलीपची आई. नव्या घराचा पाया काढायच्या आधीच त्या वारल्या, आम्ही त्यांना फोटोतच पाहिलेलं. सनई तेवढी चालू होती.

आबा खुर्चीत पुढे वाकले.

"म्हनती, ह्यांना कुनीतरी जेवायला बसवा. सकाळधरनं चहावर हायेत."

दिलीप टीव्हीकडे बघत होता. "आणि?"

"आत्याला म्हनती, तुमी बी बसा. माझं न्हाई काय, मी मागनं बसते."

केतन उठला. पुढे गेला आणि त्याने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर बंद केले. सनई थांबली, निळा दिवा विझला. पडद्यावर त्या वळल्या, बोहल्याजवळ आल्या, अगदी जवळ, आणि हसून काहीतरी म्हणाल्या.

"आता तुला म्हनती," आबा म्हणाले. "दिल्या, फेटा सरळ कर. वाकडा झालाय."

दिलीपचा हात डोक्याकडे गेला.