पत्रकं कोणत्या डिस्कवर होती

येळ्ळूरच्या आमच्या घरात सीमालढ्याचं प्रत्येक पत्रक वडील आधी मोठ्यानं वाचत, मग पत्र्याच्या पेटीत ठेवत. मी वाचायला त्यांवरच शिकलो. पुढं पेटीतली पत्रकं वाळवीनं खाल्ली. पण त्याआधीच मी सगळी पत्रकं शहापुरातल्या छापखान्यात, जिथं मी अक्षरजुळणी करतो, स्कॅन करून ठेवली होती. "आता ती कुठं जात न्हाईत, आप्पा," असं मी वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

यंदा छापखान्याच्या संगणकातली जुनी डिस्क कुरकुरायला लागली. मालकीणबाईंना आम्ही आक्का म्हणतो. त्या म्हणाल्या, "पुसून भंगारात देऊया. तुझं काय हाय काय रं तिच्यावर?"

"न्हाय. माझं सगळं माझ्या फोल्डरात. वर माझं नाव हाय की."

"नावावर जाऊ नगंस. फाईल कुठल्या डिस्कवर हाय ते मशीनला इचार."

मी चिडूनच, फाईल कुठल्या डिस्कवर आहे ते सांगणारी 'डीएफ' ही आज्ञा दिली आणि तिच्यापुढं एका पत्रकाचा पत्ता लिहिला. उत्तर आलं: जुनी डिस्क. माझ्या फोल्डरात 'पत्रकं' नावाच्या जागी ती जोडलेली होती; म्हणजे फोल्डर माझ्या नावाचा, पण आतल्या फाईली त्या डिस्कवर. जागा अपुरी पडली तेव्हा मीच ती तशी जोडली होती आणि साफ विसरलो होतो.

आक्कांनी डिस्क सोडवून दाखवली. 'पत्रकं' फोल्डर तिथंच राहिला, आत मात्र काही नव्हतं.

"आता रं, लढवय्या?"

आमच्या भागात गावच्या पाटीवर 'महाराष्ट्र' हे नाव राहावं म्हणून माणसांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही. पण नाव दिसलं की पुढं बघायचं नाही, ही खोड मला तिथूनच लागली.

डिस्क पुन्हा जोडून मी सगळं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. तीन पत्रकं उघडलीच नाहीत, आणि ती सगळ्यांत जुनी होती. जी उतरली, त्या प्रत्येकासाठी 'डीएफ' पुन्हा चालवून ते नव्या डिस्कवर आहे ना, हे मी पाहिलं.

संध्याकाळी आप्पांना खरं सांगितलं.  ते म्हणाले, "वही घे."

ती तीन पत्रकं आठवून ते पूर्वीसारखेच मोठ्यानं म्हणू लागले आणि मी लिहीत गेलो. दोन पत्रकं पुरी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर ते थांबले.

"म्होरलं आठवंना रं."

तिथं मी चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.